आयुष्यभरात लेखनाचे फक्त ५ येन मिळाले, आज अख्खा रेल्वेमार्ग त्याच्या गोष्टीच्या नावाने ओळखला जातो

जपानच्या ईशान्य भागात इवाते नावाचा एक डोंगराळ, थंड प्रांत आहे. तिथल्या हानामाकी शहरातून डिझेलवर चालणारी एक छोटी गाडी निघते. एकेरी रूळ, वर विजेच्या तारा नाहीत, मोजके डबे. भातशेती, नद्या, बोगदे आणि एक मोठा घाट पार करत ती ९०.२ किलोमीटरवरच्या कामाइशी या बंदराच्या गावी पोहोचते. या मार्गाचं नाव कामाइशी लाइन.

यात विशेष काय? तर या मार्गावरच्या स्टेशनांना दोन-दोन नावं आहेत. एक नेहमीचं जपानी आणि दुसरं एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या जागतिक भाषेतलं. हानामाकीच्या दुसऱ्या नावाचा अर्थ होतो इंद्रधनुष्य. शिन-हानामाकी म्हणजे तारकासमूह. त्सुचिझावा म्हणजे चमकती नदी. मियामोरी म्हणजे आकाशगंगेचा फलाट. शेवटचं कामाइशी म्हणजे महासागर.

रेल्वे कंपनीला एवढं काव्य कुठून सुचलं? याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. तो कवी होता, शेतीशिक्षक होता, खतांचा सल्लागार होता आणि काही महिने चुन्याची भुकटी विकणारा फिरता विक्रेताही होता. ३७ व्या वर्षी तो गेला तेव्हा हानामाकीबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. आज जपानमधल्या शाळकरी मुलांनाही त्याचं नाव माहीत आहे. मियाझावा केंजी.

गहाणवटीच्या दुकानातला मुलगा

केंजी यांचा जन्म २७ ऑगस्ट १८९६ चा, हानामाकीतला. त्याच वर्षी जूनमध्ये इवातेच्या किनाऱ्यावर भीषण त्सुनामी आली होती आणि त्यात सुमारे २२ हजार माणसं दगावली होती. केंजी यांच्या जन्मानंतर चारच दिवसांनी या भागात मोठा भूकंपही झाला. पाच भावंडांमध्ये ते थोरले.

घर मात्र खाऊनपिऊन सुखी होतं. वडील मासाजिरो यांचा गहाणवटीचा आणि जुन्या कपड्यांचा धंदा होता. हा धंदा नेमका कशावर चालायचा, हे समजून घेतलं तर केंजी यांचं पुढचं आयुष्य समजतं.

इवातेच्या शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू होता वारा. ऐन उन्हाळ्यात, भाताला दाणा धरायच्या दिवसांत, ईशान्येकडून समुद्रावरचा गार आणि दमट वारा येतो. त्याला तिथे यामासे म्हणतात. हा वारा टिकून राहिला की ऊन हरवतं, लोंबीत दाणाच भरत नाही आणि वर्षभराचं पीक बुडतं. १९०२ आणि १९०५ साली असंच झालं. तेव्हा केंजी लहान होते.

पीक बुडालं की शेतकरी घरातले कपडे, भांडी, अवजारं घेऊन गहाणवटीच्या दुकानात यायचे. त्यातल्या अनेकांना आपली वस्तू सोडवून नेणं जमायचं नाही. म्हणजे गावाचं वाईट वर्ष आणि दुकानाची वर्दळ बरोबरच यायची. काउंटरच्या या बाजूला बसून हे बघणाऱ्या मुलाच्या मनात एक अपराधीपणा बसला, तो कायमचाच. आपण जे जेवतो ते कुणाच्या तरी अडचणीतून आलेलं आहे, ही बोच त्यांच्या पुढच्या जवळपास प्रत्येक निर्णयामागे दिसते.

दगडांचं वेड आणि अडीच फुटी रेल्वे

लहानपणी केंजी यांना दगड गोळा करायचं इतकं वेड होतं की घरच्यांनी त्यांचं टोपणनावच दगडांवरून ठेवलं होतं. १९०९ मध्ये ते मोरिओकाच्या माध्यमिक शाळेत गेले. डोंगर चढायचे, खनिजं शोधायची, आकाशातले तारे ओळखायचे, कविता करायच्या, असा त्यांचा दिनक्रम असायचा.

ते शाळेत असतानाच हानामाकीत एक नवी गोष्ट घडली. २५ ऑक्टोबर १९१३ रोजी इवाते लाइट रेल्वेचा हानामाकी ते त्सुचिझावा हा पहिला टप्पा सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातली शकुंतला याच मापाच्या रुळांवर धावायची. छोटं इंजिन, छोटे डबे आणि बेताचाच वेग.

१९१५ पर्यंत ही गाडी तोनो गावावरून पुढे सेन्निन घाटाच्या पायथ्याशी पोहोचली. पण घाट ओलांडण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. त्यामुळे माल रोपवेने पलीकडे जायचा आणि प्रवासी चक्क उतरून घाट चालत पार करायचे. पलीकडच्या बाजूला कामाइशीच्या लोखंडाच्या खाणीची वेगळी रेल्वे होती.

१९१५ मध्येच केंजी मोरिओकाच्या कृषी आणि वनशास्त्र महाविद्यालयात दाखल झाले. प्रवेश परीक्षेत पहिले आले. त्यांनी माती, खनिजं आणि रसायनशास्त्र हे विषय निवडले. १९१८ मध्ये शिक्षण संपल्यावर आपल्या भागातल्या जमिनीचं सर्वेक्षण करायचं काम त्यांनी केलं. त्याच वर्षी त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा आजार असल्याचं निदान झालं. हा आजार त्यांचा पाठलाग शेवटपर्यंत करणार होता.

एक ट्रंक भरून गोष्टी

वडिलांशी केंजी यांचं दोन गोष्टींवरून वाजायचं. एक म्हणजे दुकान. थोरल्या मुलाने धंदा सांभाळावा, ही वडिलांची अपेक्षा होती आणि केंजी यांना त्याची किळस होती. दुसरी गोष्ट धर्म. घरात बौद्ध धर्माच्या शिन पंथाची परंपरा होती, तर केंजी सद्धर्मपुंडरीक सूत्र वाचून निचिरेन पंथाकडे ओढले गेले होते. आपल्या घरच्यांनीही पंथ बदलावा म्हणून ते हट्टाला पेटायचे.

अखेर जानेवारी १९२१ मध्ये ते न सांगता घर सोडून टोकियोला निघून गेले. तिथे एका छापखान्यासाठी स्टेन्सिल कापायचं काम करून पोट भरायचं, संध्याकाळी धर्मप्रचार करायचा आणि रात्री लिहायचं. मुलांसाठीच्या कथांचा त्यांनी या काही महिन्यांत अक्षरशः सपाटा लावला.

मग घरून बातमी आली. धाकटी बहीण तोशी आजारी पडली होती. केंजी ट्रंकभर हस्तलिखितं घेऊन हानामाकीला परतले आणि डिसेंबर १९२१ मध्ये तिथल्या कृषी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

याच सुमारास त्यांची एक गोष्ट एका महिला मासिकात छापून आली आणि तिचे ५ येन मिळाले. लेखनासाठी हयातीत मिळालेलं हे त्यांचं एकमेव मानधन, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं.

तोशी गेली आणि गाडी उत्तरेकडे निघाली

तोशी केंजी यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. टोकियोच्या महिला विद्यापीठात शिकलेली, हुशार. केंजी यांच्या लेखनाची आणि श्रद्धेची घरातली खरी सोबती तीच होती. तिला क्षयरोग झाला होता.

२७ नोव्हेंबर १९२२ रोजी तोशी गेली. वय फक्त २४. त्या दिवशी बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. तापाने फणफणलेल्या तोशीने भावाकडे त्यातलंच थोडं बर्फ खायला मागितलं. केंजी वाडगा घेऊन अंगणात धावले. या प्रसंगावर त्यांनी लिहिलेली कविता आज जपानच्या पाठ्यपुस्तकांत असते.

त्यानंतर कित्येक महिने त्यांनी जवळपास काहीच लिहिलं नाही. १९२३ च्या उन्हाळ्यात ते एका लांबच्या प्रवासाला निघाले. कारण कामाचं होतं. साखालिन बेटावर विद्यार्थ्यांना नोकरी मिळेल का, हे बघायचं होतं. बेटाचा दक्षिण भाग तेव्हा जपानकडे होता. रेल्वे, बोट, पुन्हा रेल्वे असं करत ते साकाएहामा या त्या काळच्या जपानी रेल्वेच्या अगदी उत्तर टोकाच्या स्टेशनपर्यंत गेले. या प्रवासातल्या कविता वाचल्या की लक्षात येतं, खिडकीबाहेर बघणारा हा माणूस नोकऱ्या कमी आणि बहीण जास्त शोधत होता. मेल्यानंतर माणूस कुठे जातो, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न राहिलाच नव्हता.

पुढच्या वर्षाच्या सुमारास त्यांनी एक नवी गोष्ट लिहायला घेतली. 'आकाशगंगा रेल्वेतली रात्र'.

गोष्टीत नेमकं काय आहे?

जोव्हान्नी नावाचा एक गरीब मुलगा आहे. वडील दूर गेलेत, आई आजारी आहे आणि तो शाळा सुटल्यावर छापखान्यात खिळे जुळवायचं काम करतो. ताऱ्यांच्या उत्सवाच्या रात्री तो एकटाच टेकडीवर पडलेला असतो. अचानक त्याला जाणवतं की आपण एका छोट्या रेल्वेगाडीत बसलोय आणि समोर आपला मित्र काम्पानेल्ला आहे. गाडी आकाशगंगेच्या काठाने चालली आहे. वाटेत प्रवासी चढतात, उतरतात. हिमनगावर आपटून बुडालेल्या जहाजातली माणसंही येतात.

हळूहळू वाचकाला कळतं की ही मेलेल्या माणसांची गाडी आहे. जोव्हान्नी जागा होतो आणि नदीवर धावत जातो, तेव्हा समजतं की पाण्यात पडलेल्या वर्गमित्राला वाचवताना काम्पानेल्ला बुडालाय.

ही गाडी म्हणजे हानामाकीची लाइट रेल्वेच, असं बहुतेक अभ्यासक आणि वाचक मानतात. तसं मानायला आधारही आहे. या रेल्वेवर केंजी यांनी कविता केल्या आहेत. त्यातल्या एका कवितेत बर्फातल्या त्सुचिझावाच्या बाजाराच्या दिवसाबरोबर आकाशगंगेचं स्टेशन येतं. १९२३ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात आलेली त्यांची एक कथा तर दोन सिग्नलच्या प्रेमाची आहे. एक सिग्नल मोठ्या मुख्य लाइनचा, दुसरी शेजारच्या गरीब लाइट रेल्वेची. मोठ्या घरचा मुलगा आणि लहान घरची मुलगी, म्हणून भोवतालचे खांबसुद्धा या लग्नाला विरोध करतात. दुकानदाराच्या मुलाला हा विषय कुठून सुचला असेल, हे वेगळं सांगायला नको.

दोन पुस्तकं, खप जेमतेम

१९२४ साली केंजी यांची दोन पुस्तकं आली. एप्रिलमध्ये 'वसंत आणि असुर' हा कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने, १,००० प्रती. डिसेंबरमध्ये मुलांच्या कथांचा संग्रह, त्याच्याही १,००० प्रती. दोन्ही जवळपास पडूनच राहिली. कथासंग्रहाच्या २०० प्रती तर वडिलांकडून पैसे उसने घेऊन केंजी यांनी स्वतःच विकत घेतल्या. मोजक्या कवींनी कौतुक केलं, बस्स. हयातीत त्यांचं तिसरं पुस्तक आलंच नाही.

मार्च १९२६ मध्ये त्यांनी चांगली चालू असलेली नोकरी सोडली. कारण सरळ होतं. शाळेत मुलांना चांगला शेतकरी व्हा म्हणून शिकवायचं आणि स्वतः मात्र पगार घ्यायचा, हे त्यांना पटेना. हानामाकीच्या वेशीवर कुटुंबाचं एक घर होतं. तिथे ते एकटे राहू लागले, जमीन कसू लागले आणि तरुण शेतकऱ्यांसाठी एक मंडळ सुरू केलं. तिथे माती आणि खतांचे वर्ग व्हायचे, रेकॉर्डवर बीथोव्हन ऐकवला जायचा, एस्पेरांतो शिकवली जायची. केंजी स्वतः चेलो शिकत होते.

सगळ्यात महत्त्वाचं काम होतं खतांच्या सल्ल्याचं. शेतकरी आपल्या जमिनीची माहिती सांगायचा आणि केंजी त्याला कोणतं खत किती टाकायचं याचा तक्ता करून द्यायचे. फुकट. असे सुमारे २,००० तक्ते त्यांनी केले.

हे सगळं यशस्वी झालं का? खरं सांगायचं तर फारसं नाही. गावातल्या अनेकांना हा श्रीमंताच्या पोराचा छंद वाटायचा. ते पूर्ण चुकीचंही नव्हतं, कारण डोक्यावरचं छप्पर वडिलांचंच होतं. तरुणांना जमवून काहीतरी चाललंय म्हणून पोलिसांनाही संशय आला, चौकशी झाली आणि १९२७ मध्ये वर्ग गुंडाळावे लागले. आणि हवामान तर कुणाच्याच तक्त्यात बसत नव्हतं. पीक आडवं पडलं की केंजी पावसात शेताशेतांतून फिरायचे. त्यात पोटाची आबाळ. ऑगस्ट १९२८ मध्ये तापाने त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यांना वडिलांच्याच घरी परतावं लागलं.

चुन्याची भुकटी विकणारा कवी

थोडं बरं वाटल्यावर १९३१ च्या सुरुवातीला त्यांनी दगड फोडणाऱ्या एका कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून काम धरलं. या भागातली ज्वालामुखीची माती आम्लधर्मी होती. चुनखडीची भुकटी टाकली की आम्लता कमी होते आणि पीक सुधारतं. शिवाय ही भुकटी स्वस्त होती. लहानपणच्या दगडांच्या वेडाचा शेवटी शेतकऱ्याला उपयोग होत होता.

पण काम म्हणजे मुख्यतः विक्री. आजारी फुप्फुसं घेऊन केंजी नमुन्यांच्या जड पेट्या उचलत रेल्वेने गावोगाव फिरले. सप्टेंबर १९३१ मध्ये टोकियोत ते कोसळले. तिथल्या मुक्कामी, २१ सप्टेंबरला, त्यांनी आई-वडिलांसाठी शेवटची पत्रं लिहून ठेवली. घरी परत आणल्यावर ३ नोव्हेंबरला एका छोट्या वहीत त्यांनी काही ओळी लिहिल्या. आपण कसा माणूस व्हायला हवं होतं, याची ती एक यादी होती, छापण्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी. ती आज जपानमधल्या सर्वांत प्रसिद्ध कवितांपैकी एक आहे. २०११ च्या महाभूकंपानंतर ती ठिकठिकाणी पुन्हा वाचली गेली.

१९३२ मध्ये त्यांची एक दीर्घकथा मासिकात आली. थंड उन्हाळ्यामुळे आई-वडील गमावलेला मुलगा मोठा होऊन शास्त्रज्ञांबरोबर काम करतो आणि आपला जीव देऊन ज्वालामुखी जागा करतो, म्हणजे हवा उबदार होईल आणि पीक वाचेल. यामासेला हरवणं प्रत्यक्षात जमलं नाही, ते त्यांनी गोष्टीत करून घेतलं.

शेवटचा सल्ला

सप्टेंबर १९३३. त्या वर्षी भात अप्रतिम आलं होतं. २० तारखेला केंजी यांची तब्येत फारच बिघडलेली असताना संध्याकाळी एक शेतकरी खताबद्दल विचारायला आला. घरच्यांनी नको म्हटलं तरी केंजी उठले, कपडे नीट केले आणि रीतसर गुडघ्यांवर बसून सुमारे तासभर त्याच्याशी बोलले.

दुसऱ्या दिवशी, २१ सप्टेंबर १९३३ रोजी दुपारी ते गेले. टोकियोतल्या त्या पत्रांना त्याच दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या १,००० प्रती छापून वाटा, एवढीच इच्छा त्यांनी वडिलांना सांगितली. ज्या वडिलांशी धर्मावरून आयुष्यभर भांडण झालं, त्यांनीच ती पूर्ण केली.

हस्तलिखितं धाकटा भाऊ सेइरोकु याच्याकडे आली. १९३४ पासून संग्रह निघू लागले आणि 'आकाशगंगा रेल्वेतली रात्र' पहिल्यांदा छापली गेली. ती अपूर्णच होती, कारण केंजी शेवटपर्यंत तिच्यात बदल करत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये हानामाकीवर बॉम्बहल्ला झाला आणि घर जळालं, तेव्हा सेइरोकु यांनी कोठारातली बहुतेक हस्तलिखितं वाचवली. ती गेली असती तर आज आपल्याला हे नावही कळलं नसतं.

पुढे या गोष्टीवर १९८५ मध्ये गाजलेला ॲनिमेशनपट आला, ज्यात पात्रं मांजरांच्या रूपात आहेत. तुम्ही ॲनिमे बघत असाल तर 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९' माहीत असेल. त्यातल्या आकाशात धावणाऱ्या गाडीचं मूळही इथेच आहे.

आणि ती रेल्वे?

लाइट रेल्वे १९३६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. रूळ रुंद झाले. मियामोरीला १९४३ मध्ये पाच कमानींचा पूल पूर्ण झाला, आणि त्याच्या शेजारी जुन्या छोट्या रेल्वेचे खांब अजूनही उभे आहेत. १० ऑक्टोबर १९५० रोजी अखेर घाटाखालून गाडी कामाइशीपर्यंत गेली. उतार सांभाळण्यासाठी रूळ डोंगरात घोड्याच्या नालासारखा मोठा वळसा घेतात. घाट चालत पार करायची गरज संपली. केंजी यांना जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती.

एस्पेरांतो नावं १९९५ मध्ये आली. केंजी यांना ही भाषा प्रिय होती, म्हणून. २०११ च्या त्सुनामीत कामाइशी उद्ध्वस्त झाल्यावर या भागाला उभारी मिळावी म्हणून एप्रिल २०१४ मध्ये एका बागेत उभं असलेलं जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करून 'एसएल गिंगा' ही गाडी सुरू झाली. गिंगा म्हणजे आकाशगंगा. डबे जुने झाल्यामुळे जून २०२३ मध्ये ती बंद झाली.

रोजची गाडी सुरू आहे, पण काळजी आहेच. गावं म्हातारी होत आहेत, लोक कार वापरतात. जेआर ईस्ट कंपनी २०२२ पासून कमी प्रवाशांच्या मार्गांचा जमाखर्च जाहीर करते आणि त्या यादीत कामाइशी लाइन आहे. अशा मार्गांचं पुढे काय करायचं, यावर जपानभर चर्चा सुरू आहे.

केंजी यांच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला तर तोही तोट्याचाच दिसेल. दोन न खपलेली पुस्तकं, बंद पडलेलं मंडळ, अर्धवट राहिलेली गोष्ट आणि ५ येन. तरी आज हानामाकीच्या फलाटावर इंद्रधनुष्याचं नाव लिहिलेलं आहे, आणि रात्रीची शेवटची गाडी अंधाऱ्या भातशेतांमधून डोंगराकडे निघते तेव्हा ती कुठे चालली आहे, हे त्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.